अमेरिकन स्लँग = संस्कृतीचं दिवाळं? काहीही!

एडिसनकर:
काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की अमेरिकनांना संस्कृतीच नाही, म्हणून त्यांची स्लँग दर सहा महिन्यांनी बदलते आणि आपली पोरं तो कचरा उचलतात. डोकंच फिरलं. अहो, तो कचरा येतो कुठून ते तरी बघा! ‘कूल’ ब्लॅक जॅझवाल्यांचं. ‘स्ले’, म्हणजे एकदम भारी करणं, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या बॉलरूम नावाच्या फॅशन-नाच स्पर्धांमधलं, ब्लॅक आणि लॅटिनो गे-ट्रान्स लोकांचं. आणि ‘वोक’? अलाबामात 1931 साली नऊ ब्लॅक पोरांना बलात्काराच्या खोट्या केसमध्ये अडकवलं, त्यावर लेडबेली हा ब्लॅक ब्लूज गायक गायला, आणि 1938 च्या रेकॉर्डिंगमध्ये तो बजावतो की तिकडून जाताना ‘स्टे वोक’, डोळे उघडे ठेवा. जिवाच्या भीतीतून आलेला शब्द आहे तो, आणि तुम्ही म्हणे संस्कृती नाही.

खवचट_पेठकर:
उगाच उदात्त करू नका हो. ‘ओके’चं काय मग? 1839 साली बॉस्टनच्या पेपरात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचा पाचकळ विनोद, ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’, पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हॅन ब्यूरेनच्या निवडणुकीत त्याच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावासाठी वापरला आणि चालला. विनोद आणि प्रचार, झालं. मूळ पोस्टवाल्याचं चुकलं काय?

नाइटशिफ्ट:
संस्कृती गेली खड्ड्यात, मला आधी बेसबॉलपासून वाचवा!! हिंजवडीत रात्री अकराच्या कॉलवर ‘बॉलपार्क फिगर द्या’ (अंदाजे आकडा), ‘टच बेस करू’ (थोडं बोलून घेऊ), ‘हे लेफ्ट फील्डमधून आलं’ (अनपेक्षित आलं), आणि बोलणारे सगळे नाशिक-सांगलीचे, एकानेही बेसबॉलची मॅच बघितलेली नाही. मी एकदा क्लायंटला म्हटलं ‘दॅट वॉज अ गुगली’, तर त्याला वाटलं मी गूगलबद्दल बोलतोय.

सायली_कधीकधी:
😂 पण आपणही ‘विकेट काढली’, ‘क्लीन बोल्ड’ म्हणतोच की. म्हणजे ज्याचा खेळ त्याची बोली, एडिसनकरांचाच मुद्दा झाला.

नाइटशिफ्ट:
मॅडम, मी क्लायंटला क्रिकेट शिकायला लावत नाही. ज्याचा पगार त्याचा खेळ, एवढंच आहे ते.

खवचट_पेठकर:
बघा! डॉलरने पसरते स्लँग. संपला विषय.

एडिसनकर:
पसरते डॉलरने, मान्य. जन्मते कुठे ते विचारतोय मी, वाचता येतं ना? डिसेंबर 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या स्कूल बोर्डाने ब्लॅक मुलांच्या बोलीला भाषा म्हटलं तर देशभर टिंगल झाली. आज त्याच बोलीवर जाहिराती चालतात. आमच्या ऑफिसातली ब्लॅक सहकारी मीटिंगमध्ये अगदी मोजूनमापून इंग्लिश बोलते आणि गोरा इंटर्न तिच्यासमोर ब्लॅक बोलीतलं ‘नो कॅप’ (खोटं नाही, खरंच) मारतो. तिचा चेहरा बघायला हवा होता.

संत्रानगरी:
ओकलंडचा एवढा पुळका, आणि आमचं काय? नागपूरहून पुण्यात शिकायला आलो, ‘जेवून राहिलो’ म्हटलं की अख्खं होस्टेल हसायचं, व्हायवाला सरसुद्धा हसले, मी महिनाभर तोंड उघडलं नाही. आता तीच पोरं रीलवर ‘काय करून राहिला बे’ करून लाइक कमावतात. सिरियलमध्ये वऱ्हाडी कोणाच्या तोंडी असते तेही बघा.

खवचट_पेठकर:
आलं, पुण्यावर आलंच शेवटी. आम्ही कोणाला हसलो नाही.

संत्रानगरी:
हो का! तुमचं आयडीच ‘खवचट’ आहे बे.

सायली_कधीकधी:
😂😂 पेठकर, यावर बोला.

खवचट_पेठकर:
बोलायचंय काय. ती नऊ पोरांची केस मला माहीत नव्हती, तेवढा एक मार्क एडिसनकरांना. ‘ओके’ला मात्र शून्यच.

संत्रानगरी:
पेठेतून फुकटात मार्क वाटून राहिले, घेऊन टाका भाऊ.