बाबांची शुगर वाढलीय, चिकन-मटण बंदच करायचं का?

डिचोलीकरीण:
नमस्कार, जरा मदत हवी. बाबा 64 वर्षांचे, शुगर 9 वर्षं आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 8.4 आलं नि तेव्हापासून घरात रोज वाद. भावोजी म्हणतात मांस पूर्ण बंद करा, शेजारची काकी म्हणते चिकनात साखर कुठे असते, खाऊ देत पोटभर. त्यात मासेमारी बंदी, 31 जुलैपर्यंत ट्रॉलर नाहीत, बाजारात येतं ते बर्फातलं आणि भाव विचारू नका, म्हणून सोमवार-गुरुवार सोडून रोज चिकन नाहीतर सुके बांगडे. वर बाबा शुक्रवारी मापशाच्या बाजारातून चोरीसची (आपल्या गोव्याच्या डुकराच्या सॉसेजची) माळ आणतात ती आणतातच. काही म्हटलं की "मी काय गोड खातोय काय?" काय खाऊ द्यायचं, काय नाही?

तेफळ:
मी स्वतः 11 वर्षं शुगरवाला. काकी म्हणते ते खोटं नाही, मांसात कार्ब जवळजवळ नसतातच. पण आपल्या शुगरवाल्यांना हार्टचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो ना, तिथे चरबी आणि मीठ नडतं. मी चिकन घेताना दुकानात उभा राहून कातडी काढून घेतो, तिच्याखाली पिवळी चरबी असते तीपण, घरी आणून काढू म्हटलं की राहतं. ब्रेस्ट घ्या, शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये साधारण 30 ग्रॅम प्रोटीन मिळतं. बाबांना कोरडं लागलं तर लेग पीस द्या, पण कातडीशिवाय. मटण आमच्याकडे महिन्यातून दोनदा, मांडीचं. रस्सा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवते बायको, सकाळी वर पांढरी साय धरते ती चमच्याने काढून टाकते. पहिल्यांदा वाटीभर निघाली ती बघून मी गप्पच बसलो. शागुतीत (खोबऱ्याच्या वाटपाचा आपला रस्सा) खोबऱ्याचं तेलही असतंच, तेव्हा वाटप अर्ध्यावर आणा, चव फार जात नाही. (जाते थोडी, खोटं कशाला बोलू.)

पोयवाला:
चोरीस म्हणजे डुकराचं मांस, चरबी, मीठ, व्हिनेगर, मिरची. प्रोसेस्ड मांस ते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्येच प्रोसेस्ड मांस कॅन्सर करणाऱ्या गटात टाकलंय, शुगर सोडाच. सलामी, फ्रँकफर्टर पण त्यातच. आणि चोरीस कोणी नुसती खातं का, दोन पाव लागतातच. माझा अनुभव सांगतो, चोरीस-पाव खाल्ल्यावर दोन तासांनी मीटर 160 दाखवायचा, मी खूश, मग एकदा सहज चार तासांनी बघितलं तर 240! डॉक्टर म्हणाले चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं, साखर मागाहून चढते. बाबांना एकदा असं मोजून दाखवा, तुमचं ऐकणार नाहीत, मीटरचं ऐकतील.

लॅबवाली_मावशी:
एक राहिलं गो, आधी किडनी बघा. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही टेस्ट. 9 वर्षं शुगर म्हणजे ते वर्षातून एकदा झालंच पाहिजे, आणि त्यात काही निघालं तर प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार, मग हे ब्रेस्टबिस्ट सगळं बदलतं. सुके बांगडे मिठात मुरलेले, प्रेशर असेल तर रोज नको, खायचेच तर पाण्यात भिजवून पाणी दोनदा फेकून. भावोजींचं एकदम सगळं बंद करू नका, मेटफॉर्मिनवर बरीच वर्षं असलेल्यांचं बी12 कमी होतं आणि ते मासे, मांस, अंडी, दूध यातूनच मिळतं. ग्लिमेपिराइड चालू आहे म्हणजे "आता नुसतं चिकन खातो, भात नको" असलं काही स्वतःच्या मनाने करायचं नाही, शुगर खाली जाऊन घाम फुटेल. अर्धं ताट भाजी, पाव ताट चिकन, पाव ताट भात. उकडा असला तरी भात तो भातच. आणि ऑगस्ट लागला की बांगडे, तारले आणा, ते तेलकट मासे हार्टला चांगले. उडदामेथी (उडीद-मेथीचं माशाचं कालवण) करा नाहीतर केळीच्या पानात. रवा लावून तेलात सोडले की झालं, मग काय उपयोग.

तेफळ:
मावशी, उडदामेथीचं नाव पावसात काढू नये, अजून किती दिवस थांबायचं.

डिचोलीकरीण:
सगळ्यांना देव बरें करूं. किडनीची टेस्ट दोन वर्षं झालीच नाहीये असं फाइल बघितल्यावर कळलं, सोमवारी सकाळी नेते. बाबांना वाचून दाखवलं, मीटरची पैज लावायला तयार झाले, म्हणजे आणखी एकदा चोरीस-पाव खाणार म्हणतात, पुराव्यासाठी. उरलेली अर्धी माळ भावोजींना देतेय, ते मांस सोडा म्हणणारे नुसतं "ठेव, संध्याकाळी येतो" म्हणाले.