'पॅलाडिन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
मध्ययुगीन युरोपातल्या शार्लमेन सम्राटाच्या आख्यायिका मी भाचीसाठी मराठीत लिहून काढते आहे. सुरुवात त्याचा वीर रोलाँ याच्यापासून केली. फौज स्पेनमधून परतताना तो पिछाडी सांभाळतो, रोंसव्होच्या खिंडीत शत्रू त्याला गाठतो, तरी मदतीसाठी हस्तिदंती शिंग फुंकायला तो आधी तयार होत नाही. या वीरांना 'पॅलाडिन' म्हणतात. 'योद्धा' लिहिले की कोणीही योद्धा होतो, 'सरदार' लिहिले की जहागीर डोळ्यांपुढे येते. नेमका शब्द सुचवाल का?

उत्तर
शब्दाचे मूळ पाहिले तर वाट सापडते. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर सम्राटांचे वाडे होते, त्यावरून लॅटिनमध्ये 'पालातिउम' म्हणजे राजवाडा. त्या वाड्यातला माणूस तो 'पालातिनुस'. त्याचे इटालियनमध्ये 'पालादिनो' झाले आणि तिथून 'पॅलाडिन' युरोपभर गेला. पराक्रम हा अर्थ मागाहून चिकटला, मुळात आहे ती राजाजवळची जागा.

हे जवळपण सांगणारा शब्द आपल्याकडे आहे: हुजुरात. हुजूर म्हणजे धन्याची समक्षता, आणि हुजुरात म्हणजे खुद्द धन्याची, त्याच्या पदरची फौज. जहागीरदारांची पथके वेगळी, हुजुरात वेगळी. म्हणून मी 'हुजुरातीचा वीर' लिहीन. पहिल्यांदा येईल तिथे 'पॅलाडिन' ठेवा, पुढे हे चालवा. 'हुजऱ्या' मात्र टाळा, तो सेवक होतो.

आणखी एक. फ्रेंच काव्यात या वीरांना बारा 'पेअर' म्हटले आहे. त्याचा अर्थ 'समान', बरोबरीचे. तिथे 'बारभाई' लिहायचा मोह होईल. राघोबादादांविरुद्धच्या कारस्थानामुळे आणि 'बारभाईंचा कारभार' या वाक्प्रचारामुळे त्या शब्दाला वेगळाच वास आहे. 'बारा बरोबरीचे' बोलायलाही गोड लागते.

प्रश्नकर्ती
'हुजुरातीचा वीर' फार आवडला. मग या आख्यायिकांच्या मूळ फ्रेंच काव्यप्रकाराला, 'शाँसाँ द जेस्त'ला, पोवाडा म्हणू का?

उत्तर
माझ्या मते जरूर म्हणा. 'जेस्त' आला लॅटिन 'गेस्ता'वरून, म्हणजे केलेली कृत्ये. कृत्याचा शब्द पुढे कृत्यांच्या काव्याला लागला. जुन्या मराठीत 'पवाडा' म्हणजेही पराक्रम, थोर कृत्य, आणि मग तो गाणाऱ्या काव्याचे नाव झाले. दोन भाषांत शब्द एकाच वाटेने चालला आहे. शिवाय दोन्ही ऐकण्यासाठी रचलेले.

दुसरे उत्तर
इथे मी असहमत आहे. शब्दाची वाट एक असेल, पण पोवाडा म्हटले की मराठी वाचकाला घटना ताजी वाटते. अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा त्याच काळातला. रोंसव्होची चकमक झाली 778 मध्ये, आणि तिच्यावरचे काव्य 'रोलाँचे गीत' आज ज्या रूपात मिळते ते 1100च्या आसपासचे. मध्ये तीनशे वर्षे गेली. तेवढ्यात काय काय झाले पाहा. एनहार्ट हा शार्लमेनच्या दरबारी वावरलेला चरित्रकार. त्याच्या लिखाणात हल्ला करणारे आहेत डोंगरातले बास्क लोक, आणि रोलाँ फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी म्हणून एका ओळीत येऊन जातो. काव्यात बास्क नाहीसे झाले, त्यांच्या जागी सारागोसाच्या मुस्लीम राजाची अफाट सेना आली. प्रत्यक्षात तेव्हा चाळिशीच्याही आतला शार्लमेन काव्यात पांढऱ्या दाढीचा दोनशे वर्षांचा म्हातारा झाला. याला पोवाड्यापेक्षा 'वीरगाथा' बरे. लोकांनी पिढ्यान्पिढ्या वाढवलेले, असा भाव त्यात आहे.

नात्यांचेही सांभाळा. इंग्रजीतून लिहिताना 'नेफ्यू'चा पुतण्या सहज होतो. रोलाँ सम्राटाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. फितुरी करणारा गानलाँ हा त्याचा सावत्र बाप, म्हणजे सम्राटाचा मेहुणा. घरातलेच वैर आहे हे, आणि मराठीत ते दोन शब्दांत उभे राहते.

प्रश्नकर्ती
पटले. काव्यप्रकाराला 'वीरगाथा' म्हणेन, आणि वीरांच्या तोंडी 'आपले पवाडे गातील' असे वाक्य घालेन. भाचा-मेहुण्याचे तर आजच दुरुस्त करते, मी पुतण्याच लिहिले होते. आता नाव. शार्लमेन, शार्लमान की शार्लमाञ?

उत्तर
फ्रेंच उच्चाराला 'शार्लमाञ' जवळचा, पण मराठीत 'शार्लमेन' रुळला आहे, तोच ठेवा. लॅटिनमध्ये तो 'कारोलुस माग्नुस', जर्मनमध्ये 'कार्ल देअर ग्रोसं', दोन्हींचा अर्थ थोरला कार्ल. 'थोरला' हे विशेषण आपल्या कानाला 'महान'पेक्षा जवळचे वाटते, गोष्टीत एकदा तरी वापरा.

या नावाचा प्रवास भाचीला जरूर सांगा. स्लाव्ह भाषांत 'राजा' हा शब्दच या कार्लपासून आला असे मानतात: पोलिशमध्ये 'क्रूल', चेकमध्ये 'क्राल', रशियनमध्ये 'करोल'. फ्रेंच पत्त्यांत बदामच्या राजाचे नाव शार्ल, तोही हाच. आणि केरळच्या किनाऱ्यावर लॅटिन ख्रिस्ती समाजात 'चविट्टुनाटकम्' नावाचा, फळ्यांच्या रंगमंचावर पाय आपटत नाचण्या-गाण्याचा नाट्यप्रकार आहे, पोर्तुगीज काळात रुजलेला. त्यातले सर्वांत गाजलेले नाटक या सम्राटाचे आणि त्याच्या वीरांचे. तिथे त्याला म्हणतात 'कारल्मान'.