शेवभाजीला 'स्वस्त भाजी' म्हणणं बंद करावं का?

पांझराकाठ

महिनाअखेर, घरात हिरवी भाजी नाही, चार माणसं जेवायची. धुळे-जळगावकडे यावर उत्तर ठरलेलं: "पाव किलो शेव आणा, रस्सा टाका." चवीबद्दल वादच नाही. पण ही भाजी स्वस्त म्हणून सांगितली जाते, त्याला माझा विरोध आहे. हिशोब वजनात मांडतो, भाव ज्याने त्याने आपल्या गावचा लावावा.

चौघांना 200 ग्रॅम शेव लागते. 100 ग्रॅम शेवेत 30 ते 40 ग्रॅम तेलच असतं. म्हणजे हातात आलं सव्वाशे ग्रॅम बेसन, बाकी पैसे तळणाचे आणि मजुरीचे. शेवेचा भाव बेसनाच्या साधारण दुप्पट पडतो. त्यावर तर्री दिसली पाहिजे म्हणून रश्शात आणखी अर्धी वाटी तेल.

त्याच रश्शात डुबुकवडे सोडा. दोन वाट्या (150 ग्रॅम) बेसन, चवीला मीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा जिरं, चार-पाच लसूण पाकळ्या नि दोन मिरच्या ठेचून, एक चमचा कडकडीत तेल. पाणी पाऊण वाटी, तेही एकदम नाही. पीठ बोटांवरून धारेने पडलं तर पातळ झालं. गोळा होऊन सावकाश सुटलं पाहिजे. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, बेसन पाणी ओढून घेतं. मग खळखळ उकळत्या रश्शात बोटांनी लहान लहान सोडायचे. पहिली दोन-तीन मिनिटं डाव घालायचा नाही. मग मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. एक वडा मोडून बघा, मधे पांढुरका कोरडा ठिपका राहिला असेल तर अजून शिजू द्या.

तेल एकूण तीन मोठे चमचे. आता सांगा, स्वस्त काय?

तर्रीबहाद्दर

काय सांगस भो! रश्शात अर्धी वाटी तेल ही ढाब्याची रीत. ती घरच्या शेवभाजीच्या माथी मारून हिशोब केला की डुबुकवडे जिंकणारच.

शेवेत एवढं तेल आहे हे तुम्हीच म्हणता ना? मग रश्शाला दोन चमचे पुरे. शेव गरम रश्शात पडली की थोडं तेल सोडतेच. मीठही तिच्यात असतं, म्हणून रस्सा किंचित अळणीच ठेवायचा. लोक रस्सा नेहमीच्या चवीचा करतात आणि मग भाजी खारट झाली म्हणून बटाटा टाकत बसतात.

शेव बिघडते ती माणसांच्या घाईने. फरसाणातली बारीक शेव या कामाची नाही, दोन मिनिटांत तिचं पिठलं होतं. भाजीची जाड, तिखट, ओवा घातलेली शेव मागायची, दुकानदाराला बरोबर कळतं. दाताखाली कडक लागली पाहिजे. फार फुललेली, हलकी शेव असेल तर सोडा जास्त पडलाय, ती रश्शात विरघळते. आणि शेव पातेल्यात टाकायचीच नाही. ताटात वाटीभर उकळता रस्सा, त्यावर मूठभर शेव, दोन मिनिटं थांबा, जेवा. रस्सा पातळच हवा: 200 ग्रॅम शेवेला सात-आठ वाट्या. दाट केला तर शेव तो पिऊन टाकते आणि खाली लगदा उरतो.

उरलेली शेव डब्यात महिनाभर टिकते. भिजवलेलं बेसन टिकतं का?

दादर-कळणा

दोघेही बेसनातच अडकलात. खान्देशातलं खरं काटकसरीचं जेवण पिठाच्या डब्यात आहे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी असली की सोबत भाजी लागतेच असं नाही. ठेचा, कच्चं शेंगदाणा तेल, कांदा, एवढ्यावर ताट उठतं.

चार किलो ज्वारी, एक किलो अख्खे काळे उडीद, सालासकट. एकत्र दळायचे. पोषणाच्या बाजूनेही हे जोड बरोबर बसतं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. शेवेवर पैसे घालवण्यापेक्षा किलोभर उडीद आणा.

दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) परवडत नसेल तर हायब्रीड ज्वारी चालते. हायब्रीडच्या पिठाला चिकटपणा कमी, भाकरी थापताना कडेला चिरते, पण उडीद ती उणीव झाकतो. म्हणून साध्या ज्वारीला उलट कळणाच सोयीचा.

सातपुडा-पायथा

कळण्याला अनुमोदन, पण एक भर आणि एक आक्षेप.

भर अशी की उडीद चारास एकपेक्षा वाढवू नका. तीनास एक करणारी घरं आहेत, पण मग भाकरी तव्यावर जड होते, फुगत नाही आणि गार झाली की वातड लागते. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि उडदाला वास लागतो. बरेच जण दळतानाच जाडं मीठ टाकायला सांगतात. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात मीठ ओल ओढतं आणि पिठाचे गोळे होतात. मीठ परातीत घातलेलं बरं.

आक्षेप हा की "भाजी लागतेच असं नाही" हे रोजचं जेवण नव्हे. ठेचा-भाकरी शेतावर एक वेळ ठीक. रोज घरातल्यांना तेच वाढणार? स्वस्त आणि पोटभर हवं असेल तर मिरचीची भाजी करा. शेवही नको, डुबुकही नको.

अर्धी वाटी तूरडाळ, सव्वाशे ग्रॅम पोपटी मिरच्या, दोन लहान वांगी, मूठभर पालक किंवा आंबट चुका, चुका नसेल तर एक टोमॅटो. सगळं कुकरला, तीन शिट्ट्या, पाणी डाळीवर दोन बोटं. निवलं की रवीने नाही, लाकडी डावाने घोटायचं. रवीने फार गुळगुळीत होतं, भाजी वाटत नाही. दोन मोठे चमचे तेलात मूठभर शेंगदाणे तळायचे, मग दहा लसूण पाकळ्या ठेचून लाल करायच्या, जिरं, आणि घोटलेलं त्यात ओतून दहा मिनिटं रटरटू द्यायचं. घट्टच हवी, भाकरीवर बसली पाहिजे.

चूक होते मिरचीत. गडद हिरवी बारीक मिरची घेतली तर कुणाच्याने खाववत नाही. पातळ सालीची, फिकट, लांब मिरची घ्या. वांगं आणि डाळ तिचा जोर मोडतात, म्हणून वांगं वगळायचं नाही. तिखट झालीच तर पाणी वाढवू नका, शिजलेली डाळ वाढवा.

तर्रीबहाद्दर

सव्वाशे ग्रॅम मिरची आणि खाणारा कोण? बाहेरगावचा पाहुणा जेवायला बसवून दाखवा. आणि प्रश्न "घरात हिरवी भाजी नाही" असा होता. तुमच्या यादीत वांगी, पालक, मिरची, टोमॅटो. बाजारात जायचंच असेल तर प्रश्नच मिटला.

सातपुडा-पायथा

शेव आणायला दुकानात जायचंच ना? त्याच वाटेवर भाजीवाली बसलेली असते.

भुसावळचं-ऊन

शेव की बेसन हा वाद बाजूला ठेवा, खर्च रश्शात आहे. सुकं खोबरं, कांदा, तेल आणि भाजण्याचा गॅस. दोन्ही पदार्थांना तोच रस्सा लागतो आणि दोघांनीही तो गृहीत धरलाय. चौघांच्या रश्शाला दोन मध्यम कांदे, 30 ग्रॅम सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. हे तेलात परतत बसलात तर पंधरा मिनिटं आणि दोन चमचे तेल तिथेच गेलं.

कांदा अख्खा, सालासकट, थेट जाळीवर भाजा. बाहेरून काळा आणि आतून मऊ झाला की वरचा जळका पापुद्रा काढून टाका. तेल शून्य. खोबरं किसून कोरडंच, मंद आचेवर, बदामी होईपर्यंत. रस्सा कडू होतो तो बहुतेक वेळा खोबऱ्यामुळे. तवा तापलेला असतो, गॅस बंद केल्यावरही खोबरं करपत राहतं. लगेच ताटात काढायचं. मसाला नि तिखट तेलात कोरडं टाकलं तरी तोच कडूपणा येतो. आधी वाटण परता, मग मसाला घालून वर दोन चमचे पाणी शिंपडा. आणि रश्शाला गार पाणी ओतू नका, तर्री बसते. उकळतं पाणी शेजारी तयार ठेवा.

वाटण एकदाच आठवड्याचं करून ठेवता येतं. कोथिंबीर आणि पाणी त्यात घालायचं नाही, या दोन गोष्टींनीच ते आंबतं. मीठ आणि वरून तेलाचा थर, काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये सहा-सात दिवस. कोथिंबीर त्या त्या दिवशी.

मे महिन्यात आमच्याकडचं ऊन कशाला वाया घालवायचं? कांद्याच्या पातळ चकत्या चार दिवस कडक उन्हात वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात कांदा महागला तरी रस्सा होतो. चार चकत्या कोरड्याच भाजून कुटायच्या. पण खोबरं त्यात मिसळून ठेवू नका, खवट होतं. ते ताजंच.

नवं-बिऱ्हाड

दोन शंका. पाण्याशिवाय मिक्सरमध्ये वाटण फिरतच नाही, काय करायचं? आणि खोबरं परवडत नसेल तर शेंगदाण्याचं कूट चालेल का?

भुसावळचं-ऊन

क्रम बदला. आधी भाजलेलं खोबरं एकटं फिरवा, त्याचं तेल सुटू लागलं की लसूण-आलं, शेवटी कांदा. भाजलेल्या कांद्यात पाणी असतंच, तेवढ्यावर पातं धरतं. सगळं एकदम टाकलं की खोबरं भांड्याच्या कडेला चिकटतं आणि पातं नुसतं फिरतं.

कूट चालतं. 30 ग्रॅम खोबऱ्याऐवजी दोन मोठे चमचे कूट आणि एक चमचा भाजलेले तीळ. रंग काळपट येणार नाही, तांबूस राहील. कूट पाणी उकळल्यावर घाला. आधी तेलात परतलं तर तळाला बसून लागतं. डुबुकवड्यांच्या रश्शाला मात्र कूट अर्धंच, बेसनाने रस्सा आधीच दाटतो.

पांझराकाठ

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो माझ्याच बाजूने जातो. डुबुकाला थोडंथोडकं वाटण पुरतं, कारण वड्यांचं सुटलेलं बेसन रस्सा धरतं. शेवभाजीला वाटणाशिवाय अंग येत नाही. सुरुवातीला रस्सा पाण्यासारखा पातळ ठेवायचा, सहा-सात वाट्या. वडे शिजेपर्यंत तो आपोआप जमतो.

उरलेल्या शेवेचं म्हणाल तर बेसन कोरडं असेपर्यंत तेही टिकतं. भिजवायचं लागेल तेवढंच.

दादर-कळणा

डुबुकात सोडा घालावा का, हे कुणी बोललंच नाही.

पांझराकाठ

नको. सोड्याने वडा फुगतो आणि उकळीत फुटतो. मऊपणा पीठ दहा मिनिटं मुरवण्यातून आणि हाताने फेटण्यातून येतो. पीठ घट्ट असेल तर मऊपणासाठी एक चमचा दही घाला.

तर्रीबहाद्दर

बरं, तेल आणि वाटण तुमचं कमी, मान्य. पण वेळ? शेवभाजी वीस मिनिटांत ताटात. तुमचं पीठ मुरवा, वडे सोडा, मोडून बघा. नोकरीवाल्या घरात संध्याकाळी साडेसातला हे कोण करणार?

पांझराकाठ

कांदा जाळीवर असतो तेव्हा पीठ मुरतं, त्याची वेळ वेगळी मोजू नका. जास्तीची आठ-दहा मिनिटं फक्त वडे शिजायची, आणि तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर चार भाकरी होतात. शेवभाजीत भाकरी आधी कराव्या लागतात, कारण रस्सा-शेव ताटात पडली की थांबता येत नाही.

सातपुडा-पायथा

आणि सकाळच्या डब्याचं काय? शेव वेगळ्या डबीत, रस्सा वेगळ्या डबीत, तोही गार. गार रश्शात शेव भिजत नाही, नुसती चिवट होते.

तर्रीबहाद्दर

डब्याला शेवभाजी कुणीच देत नाही भाऊ, तो मुद्दा काढून टाका. पण डुबुकही देऊ नका. रात्रीचे वडे सकाळपर्यंत रस्सा पिऊन दुप्पट होतात आणि डब्यात गोळा बसतो.

पांझराकाठ

उरलेल्याला सकाळी दीड-दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, एक उकळी, की रस्सा परत सुटतो. पण डब्यालाच द्यायचं असेल तर त्याच बेसनाची पाटवडी करा. एक वाटी बेसन आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळी होत नाही. लसूण-मिरची-जिऱ्याच्या फोडणीत एक वाटी पाणी उकळा, मीठ-हळद घाला, कालवलेलं बेसन ओतून सतत हलवा. कडा सोडू लागलं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. तेल लावलेल्या ताटात गरमच थापा, गार झाल्यावर वड्या कापा. वाफ कमी दिली तर वडीला कच्च्या बेसनाचा वास राहतो आणि सुरीला चिकटते. वर खोबरं-कोथिंबीर परवडेल तशी. रस्सा हवा असेल तर घरी, डब्यात नुसती वडी आणि कळण्याची भाकरी.

दादर-कळणा

डब्यातली भाकरी पातळ थापा आणि गरम असताना झाकू नका, वाफेने ओली होते. पूर्ण निवल्यावर फडक्यात.