नव्या आवृत्तीत तुमच्या पात्राचे काय झाले? : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांचे अनुभव

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रे वठवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि दहा वर्षांनी तिचे नियम पुन्हा बांधून काढले गेले. खेळाडूंचे नवे पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये, डंजन मास्टरचे (म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे) नोव्हेंबरमध्ये आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे राक्षसांचे पुस्तक फेब्रुवारी २०२५ मध्ये हाती आले. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी चालू कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग कथा, मध्येच थांबवून जुनी पात्रे नव्या नियमांत बसवली आहेत. कोणती आवृत्ती श्रेष्ठ हा वाद येथे नको. नियम बदलल्यामुळे तुमच्या टेबलावर प्रत्यक्ष काय घडले, कोणते पात्र अडले, कोणता राक्षस अनोळखी वाटू लागला, ते सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. सुरुवात मी करते.

माझ्या टेबलावर पाच वर्षे एक हाफ-एल्फ बार्ड, म्हणजे मानव आणि टोकदार कानांचे एल्फ यांच्या पोटची, गाण्यातून जादू करणारी गायिका होती आणि ती माझी मावसबहीण खेळत असे. २०१४ च्या पुस्तकात हाफ-एल्फ हा स्वतंत्र वंश होता. त्याला करिश्म्यात दोन गुणांची वाढ, आणखी दोन क्षमतांत एकेक गुण आणि शिवाय दोन कौशल्ये मिळत. नव्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द जाऊन ‘प्रजाती’ आला, क्षमतांची वाढ पात्राच्या पार्श्वभूमीकडे गेली आणि प्रजातींच्या यादीत दहा नावे उरली. त्यांत ऑर्क (दांडगे, लढाऊ लोक), गोलायथ आणि आसिमार आहेत, पण हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क नाहीत. बहिणीने पात्राच्या कागदावरचे ‘हाफ’ खोडून ‘एल्फ’ ठेवले, मग तेही खोडून ‘मानव’ लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी त्या जागी कागद इतका झिजला की पलीकडची शाई दिसू लागली. वडिलांच्या अरण्यात तिला कोणी आपले म्हटले नाही आणि आईच्या शहरात सगळे तिच्या कानांकडे पाहत राहिले, हीच त्या पात्राची सारी कथा होती. त्यामुळे दोहोंपैकी एक निवड असे तिला सांगण्याचा धीर मला झाला नाही. जुन्या पुस्तकातील प्रजाती नव्या नियमांत वापरण्याची मुभा आहे, फक्त तिची जुनी क्षमतावाढ सोडून द्यावी लागते. आम्ही तसेच केले. आकडे जवळजवळ तेच राहिले, तरी यादीत आपले नाव नाही ही गोष्ट तिला लागली. तिच्या त्या वाटण्याला मी क्षुल्लक मानत नाही.

शिकागोजवळून, एक निवृत्त खेळाडू

मी १९८६ साली शिकण्यासाठी अमेरिकेत आलो आणि वसतिगृहातील सोबत्याच्या लाल पेटीतून, म्हणजे त्या काळच्या प्राथमिक नियमसंचातून, हा खेळ शिकलो. त्या पेटीत एल्फ हा वंश नव्हताच, तो एक पेशा होता. माणूस असाल तर लढवय्या, धर्मगुरू, जादूगार किंवा चोर व्हावे. एल्फ असाल तर केवळ एल्फ, म्हणजे तलवारही आणि जादूही, आणि दहाव्या पातळीवर प्रगती समाप्त. बुटका, दणकट ड्वार्फ बाराव्या पातळीवर थांबे, त्याहून छोटा हाफलिंग आठव्या. माणसाला मात्र छत्तीस पातळ्या मोकळ्या होत्या. माझा ड्वार्फ चार वर्षांनी बाराव्या पातळीवर पोहोचला आणि तेथेच राहिला. सोबती पुढे जात राहिले. मी त्यांच्या मागे कुऱ्हाड घेऊन चालत राहिलो.

आज जे बदल नवे म्हणून सांगितले जातात, त्यांतील बरेचसे मी एकदा तरी पाहिलेले आहेत. अगदी आरंभी, १९७४ च्या मूळ खेळात, टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले हॉबिट होते. हक्कांचा प्रश्न उभा राहिल्यावर ते हाफलिंग झाले. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या दुसऱ्या शाखेच्या १९७८ च्या पुस्तकात हाफ-ऑर्क होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेला. त्याच वेळी, हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो असे म्हणणाऱ्या पालकांचा रोष टाळण्यासाठी, डेमन आणि डेव्हिल ही नावे काढली गेली आणि पुढे त्यांच्या जागी तनारी आणि बातेझू ही नावे आली. राक्षस तेच होते. आम्ही टेबलावर जुन्याच नावांनी त्यांना हाका मारत होतो. त्या आवृत्तीचे राक्षस सुट्या पानांवर येत आणि ती पाने रिंगांच्या फाइलमध्ये लावावी लागत. एका पानाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे राक्षस छापलेले असल्यामुळे नवा संच आला की अकारविल्हे मोडत असे. १९९३ मध्ये बांधीव पुस्तक आले तेव्हा मला खरोखर हायसे वाटले.

तिसरी आवृत्ती २००० साली आली. तिने वंशांवरच्या पातळीच्या मर्यादा काढून टाकल्या, कोणत्याही वंशाला कोणताही पेशा खुला केला आणि हाफ-ऑर्कही परत आणला. त्या वर्षी मी जुना कागद शोधून काढला आणि दहा वर्षे थांबलेल्या माझ्या ड्वार्फला तेरावी पातळी दिली. धागाकर्तीच्या बहिणीला एवढेच सांगावेसे वाटते की या खेळात काढलेली माणसे परत आलेली मी पाहिली आहेत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत खेळाडूंच्या पहिल्या पुस्तकातून नोम (बुटक्यांची आणखी एक जमात) आणि हाफ-ऑर्क दोघेही गेले होते. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात दोघेही आले.

पुण्याहून, एक डंजन मास्टर

मला वंशांपेक्षा राक्षसांविषयी अधिक सांगायचे आहे, कारण बदल तेथे अधिक जाणवला. जुन्या पुस्तकातील लांडगा चावला की खेळाडूला शक्तीचा बचाव-फासा टाकता येई. अकरा किंवा त्याहून अधिक पडले तर तो उभा राही, नाहीतर आडवा होई. नव्या पुस्तकात चावा लागला की तो आडवा होतोच. आमच्या पहिल्या पातळीच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, तीन लांडग्यांनी घेरले तेव्हा दोन मुले सलग दोन फेऱ्या जमिनीवर होती. त्यांतील धाकटा हातात वीस बाजूंचा फासा धरून माझ्याकडे पाहत होता. “मी काय टाकू?” असे त्याने विचारले आणि मला “काही नाही” असे सांगावे लागले. खेळ वेगाने चालतो, हे खरे. मोठ्या लढाईत दर फेरीला पाच-सहा फासे वाचतात आणि माझ्यासारख्याला ते हवेच असते. पण तो फासा पोराचा होता, आणि पडता पडता सावरण्याची तेवढी एक संधी त्याची होती. पुढच्या रविवारपासून लांडग्यापुरता जुना नियम मी परत आणला.

वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, याच्याविषयीही असेच झाले. पूर्वी चांदीचा मुलामा नसलेले साधे हत्यार त्याला मुळीच लागत नसे. आमच्या पार्टीने दोन सेशन्स केवळ चांदी मिळवण्यात घालवली होती. सोनाराशी घासाघीस झाली, एका देवळातील दीपमाळ वितळवावी की नाही यावरून भांडण झाले, आणि ते भांडण अजूनही सर्वांना आठवते. नव्या पुस्तकातील वेअरवुल्फला साध्या तलवारीनेही जखम होते. जादूचे हत्यार नसलेल्या खेळाडूला हात बांधून बसावे लागू नये, हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि मान्यही आहे. परंतु राक्षसाचे मर्म शोधून काढावे लागणे हीच त्याची गोष्ट असते, आणि ती गोष्ट डंजन मास्टरने आता पदरची घालावी लागते.

बेंगळुरूहून, थोडक्यात

राक्षसांच्या वर्गीकरणात गोब्लिन हे छोटे लुटारू जीव आता मानवसदृश राहिलेले नाहीत. ते फे, म्हणजे परीलोकातील जीव झाले आहेत. सरड्यांसारखे कोबोल्ड ड्रॅगनांत गेले आणि तरसाच्या तोंडाचे नोल फीन्डांत, म्हणजे पाताळातील दुष्ट जीवांत. वाचताना हे केवळ वर्णन वाटले होते. प्रत्यक्षात माझ्या जादूगाराने गोब्लिनांच्या नायकावर ‘होल्ड पर्सन’ हा जागच्या जागी खिळवणारा मंत्र टाकला आणि काहीच झाले नाही, कारण तो मंत्र मानवसदृशांवरच चालतो. मोजक्याच मिळणाऱ्या दुसऱ्या पातळीच्या मंत्रांपैकी एकाची जागा वाया गेली आणि नायक पळाला. ‘प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड’ हा संरक्षक मंत्र मात्र आता गोब्लिनांविरुद्धही उपयोगी पडतो, हे आमच्या धर्मगुरूने नंतर शोधून काढले. मंत्रांची यादी पुन्हा वाचून ठेवा, एवढेच सांगतो.

नाशिकहून, एक शिक्षिका

मी सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांसाठी हा खेळ मराठीतून चालवते. पहिल्याच दिवशी पात्र तयार करताना एका मुलीने शेजारच्या मुलाला अगदी सहज विचारले, “तुझ्या पात्राची जात कोणती?” ‘रेस’ या इंग्रजी शब्दाला तिच्याकडे तेवढाच शब्द होता. मी क्षणभर गप्प झाले. त्या वेळी आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळत होतो, आणि त्या नियमांचा अर्थ असा होता की जन्मावरून बळ आणि बुद्धी ठरते. २०१६ च्या एका पूरक पुस्तकात तर खेळाडूच्या ऑर्कला बुद्धीत दोन गुण वजा होते. ती वजाबाकी २०२० मध्ये काढली गेली. हे सारे मी वर्षानुवर्षे इंग्रजीतून वाचले होते आणि मला टोचले नव्हते. मराठीत तो प्रश्न ऐकला तेव्हा टोचले.

म्हणून नवा नियम मी मनापासून स्वीकारला. आता वाढ पार्श्वभूमीतून मिळते, आणि पुस्तकात तशा सोळा पार्श्वभूमी आहेत. त्याच मुलीने ऑर्क जादूगार केला, जो एका मठात पोथ्या उतरवून घेत वाढला होता. लेखनिकाच्या पार्श्वभूमीतून त्याला बुद्धीचे दोन गुण मिळाले, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर तो अंधारात एकशेवीस फुटांपर्यंत पाहू शकत असल्यामुळे मित्रांसाठी दिव्याशिवाय नकाशे वाचून दाखवत असे.

तरीही एक गोष्ट मला येथे मांडायची आहे. दुसऱ्या एका मुलाला शेतकऱ्याच्या घरचा जादूगार करायचा होता, कारण त्याचे स्वतःचे घर द्राक्षबागेत आहे. पुस्तकातील शेतकऱ्याला वाढ मिळते ती बळ, काटकपणा आणि शहाणपण यांतच. बुद्धीत मिळत नाही. म्हणजे ऑर्कच्या घरी जन्मलेल्याला विद्वान होणे सोपे झाले आणि शेतात वाढलेल्याला अवघड राहिले. जन्माच्या जागी बापाचा धंदा आला, असे त्या मुलाला वाटू नये म्हणून मी त्याला स्वतःची पार्श्वभूमी रचू दिली. डंजन मास्टरच्या पुस्तकात तशी सोय आहे. त्याने तिचे नाव ‘बागाईतदार’ ठेवले. पाऊस कधी येईल आणि औषध कधी फवारावे याचा हिशेब करणाऱ्याला बुद्धी लागते, असे त्याने कारण लिहिले आणि मी त्याखाली सही केली.

आमच्या टेबलावर आता ‘कूळ’ असा शब्द रुळला आहे. ‘प्रजाती’ हा शब्द मुलांना विज्ञानाच्या तासातला वाटतो.

नागपूरहून, एक डंजन मास्टर

माझा अनुभव एका राक्षसाविषयी आहे, आणि येथे हा शब्द मी नेमक्या अर्थाने वापरतो आहे. या खेळात ‘रक्षसा’ नावाचा जीव १९७७ च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्येही होता. वाघाचे डोके, उलटे तळवे, अंगात उंची कपडे आणि तोंडात चिलीम, असे त्याचे चित्र आहे. आपल्या कथांतील राक्षसांचे डोके वाघाचे नसते. पण ते कामरूपी असतात, हवे ते रूप घेतात, आणि खेळातील रक्षसाही रूप पालटून पाहुणा म्हणून घरात येतो; तेवढी ओळख पटते.

वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्याचे मर्म बदलत गेले आहे. पहिल्या पुस्तकात आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा (आडव्या धनुष्याचा) बाण लागला की तो मरे. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित रूपात टोचणारे आणि सज्जनतेने भारलेले हत्यार लागे. २०१४ मध्ये चांगल्या वृत्तीच्या पात्राच्या हातातील जादूचे टोचणारे हत्यार त्याला दुप्पट लागे आणि सहाव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांचा त्याच्यावर परिणाम होत नसे. आता ज्याच्यावर ‘ब्लेस’ हा आशीर्वादाचा मंत्र चालू आहे, त्याच्या टोचणाऱ्या हत्याराने तो दुप्पट जखमी होतो. पहिल्या पुस्तकातील आशीर्वाद असा फिरून परत आला, आणि या साऱ्या बदलांतील हा एक बदल मला निखळ आवडला. ‘ब्लेस’ पहिल्या पातळीचा मंत्र आहे, त्यामुळे मोठ्या राक्षसापुढे साध्या धर्मगुरूलाही काम मिळते. मंत्रांपासूनचे त्याचे संरक्षणही बदलले आहे. कोणत्याही मंत्राविरुद्धचा त्याचा बचाव आपोआप यशस्वी होतो आणि मंत्राने केलेला नेम आपोआप चुकतो. आमच्या जादूगाराने तो मजकूर दोनदा वाचला आणि शांतपणे ‘मॅजिक मिसाइल’ हा जादूचे बाण सोडणारा मंत्र टाकला. त्या मंत्राला नेमही लागत नाही आणि बचावही नसतो. नियमाच्या शब्दांप्रमाणे ते बाण लागतात. मी मान्य केले.

हा सामना आमच्या घरी सुरू होता आणि माझी आई शेजारच्या खोलीत ऐकत होती. चहा ठेवायला आली तेव्हा तिने विचारले, “राक्षस आहे म्हणून मारताय, पण त्याने केलंय काय? घटोत्कच कोण होता मग?” पुस्तकात या जीवाची वृत्ती दुष्ट अशीच छापलेली आहे, ती बदलण्याचा अधिकार डंजन मास्टरला असतो, हे मला ठाऊक होते, पण वीस वर्षांत या जीवासाठी मी तो कधी वापरला नव्हता. मी सेशन तेथेच थांबवले. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच क्षणापासून सुरुवात केली. तिरंदाजावर ‘ब्लेस’ चालू होता, बाण ताणलेला होता, आणि जखमी रक्षसाने उलटा तळवा वर करून सांगितले की मला आईला भेटायला जाऊ द्या, ती अरण्यात एकटी आहे. तिरंदाज खेळणाऱ्या मुलीने बराच वेळ विचार केला आणि बाण भात्यात परत ठेवला. तो खरे बोलत होता की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.