मीअ‍ॅक आणि स्वॅकचे विजेते राष्ट्रीय स्पर्धा सोडून अटलांटातला एकच सामना का खेळतात?

प्रश्न : क्रीडाशिक्षक, नांदेड

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या काही विद्यार्थ्यांना अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली आहे. डिसेंबरमधल्या एका शनिवारी आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होणारा ‘सेलिब्रेशन बोल’ त्यांनी वसतिगृहात एकत्र बसून पाहिला आणि नंतर मला एक प्रश्न विचारला, ज्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

मला ठाऊक आहे ते असे. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या अमेरिकी विद्यापीठांच्या दोन प्रमुख कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट, आहेत : १९२० मध्ये स्थापन झालेली साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे स्वॅक, आणि १९७० मध्ये स्थापन झालेली मिड-ईस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे मीअ‍ॅक. या दोन्हींचे विजेते २०१५ पासून दर डिसेंबरला अटलांटात याच ‘सेलिब्रेशन बोल’मध्ये एकमेकांशी खेळतात. फक्त २०२० मध्ये कोविडमुळे सामना झाला नाही. मात्र महाविद्यालयीन फुटबॉलच्या त्यांच्या श्रेणीतील इतर कॉन्फरन्सचे विजेते ज्या चोवीस संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत उतरतात, त्या फेरीत हे दोघे जात नाहीत. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, ज्यांना एके काळी दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनीच दार उघडल्यावर आत न जाणे म्हणजे स्वतःहून वेगळे राहणे नव्हे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : इतिहासाचा अध्यापक, लातूर

सर, ही विद्यापीठे आणि त्यांचा खेळ कसा घडला हे पाहिल्याशिवाय २०१५ चा निर्णय समजणार नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांना उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. चर्च, मिशनरी संस्था आणि स्वतः मुक्त झालेले लोक यांनी पुढाकार घेऊन अनेक महाविद्यालये उभी केली. पुढे १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोनच पर्याय ठेवले : आपल्या कृषी व तंत्र महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा पर्याय निवडला. नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी आणि फ्लोरिडा ए अँड एम यांच्या नावातली ही अक्षरे त्या कृषी व तंत्र शिक्षणाचीच आहेत. दोन वर्षांनी, २७ डिसेंबर १८९२ रोजी, नॉर्थ कॅरोलिनातील सॅलिसबरी येथे बिडल आणि लिव्हिंगस्टोन या महाविद्यालयांत पडत्या बर्फात सामना झाला आणि बिडलने तो जिंकला. कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधील फुटबॉलची सुरुवात या सामन्यापासून मानतात.

त्यानंतरची सत्तर-पंचाहत्तर वर्षे हा खेळ आपल्याच मैदानांवर, आपल्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली आणि आपल्याच प्रेक्षकांसमोर वाढला. लुइझियानातील ग्रॅम्बलिंगचे एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ या काळात एकाच संस्थेत प्रशिक्षक राहिले आणि त्यांच्या नावावर ४०८ विजय आहेत. दक्षिणेतील मोठी गोरी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नव्हती, त्यामुळे उत्तम खेळाडू ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट, सदर्न अशा संस्थांकडेच येत. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नावाजलेले वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा आणि जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटचा. सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाईचे नेतृत्व करणारा खेळाडू) डग विल्यम्स हा ग्रॅम्बलिंगमध्ये रॉबिन्सन यांच्याकडेच घडला होता. १९७० नंतर मोठ्या विद्यापीठांनी दारे उघडली. हे व्हायलाच हवे होते. पण ती दारे उघडली ती खेळाडूंपुरती. त्या खेळाडूंना घडवणाऱ्या प्रशिक्षकांना आणि संस्थांना त्या नव्या व्यवस्थेत तसेच स्थान मिळाले नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा मला येथे दिसतो.

उरलेला अर्धा वेळापत्रकात आहे. राष्ट्रीय बाद फेरीची पहिली पायरी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या गुरुवारनंतरच्या शनिवारी असते. नेमक्या त्याच शनिवारी ग्रॅम्बलिंग आणि सदर्न न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ‘बायू क्लासिक’ खेळतात, आणि अलाबामा स्टेटचा सामना तर थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच असतो. या सामन्यांना माजी विद्यार्थी कुटुंबासह येतात, संस्थेसाठी देणग्या गोळा होतात, जुन्या बॅचचे लोक भेटतात. शिवाय १९९९ पासून स्वॅक आपला अंतिम सामना स्वतंत्रपणे घेते. हे सारे बाजूला ठेवून दूरच्या एखाद्या लहान मैदानावर पहिल्या फेरीचा सामना खेळायला जाणे स्वॅकला परवडणारे नव्हते. मीअ‍ॅकचा विजेता मात्र बाद फेरीत जात असे. त्या कॉन्फरन्सने आपली हक्काची जागा २०१५ मध्ये सोडली. जागा फक्त विजेत्याने सोडली आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला निवड समितीने बोलावले तर तो बाद फेरीत जाऊ शकतो. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी आणि २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल असेच गेले होते.

उत्तर २ : माजी खेळाडू, परभणी

लातूरच्या सरांनी मांडलेला इतिहास मला मान्य आहे, परंतु या व्यवस्थेची किंमतही सांगायला हवी.

फ्लोरिडा ए अँड एमने १९७८ मध्ये या श्रेणीची पहिलीच राष्ट्रीय बाद फेरी जिंकली होती, म्हणजे हे संघ तेथे जिंकू शकतात हे सिद्ध झालेले आहे. आज एखाद्या वर्षी कॉन्फरन्सचा विजेता खरोखर देशातल्या पहिल्या चार-पाच संघांत बसण्याजोगा असेल, तरी ते मैदानावर पडताळून पाहण्याची संधी त्याला मिळत नाही. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना ए अँड टीने ग्रॅम्बलिंगला २१–१४ असे हरवून सगळे बारा सामने जिंकलेला हंगाम पूर्ण केला. तो संघ बाद फेरीत कुठवर गेला असता, हा प्रश्न त्यातल्या खेळाडूंना आयुष्यभर पडणार. मी स्वतः आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत कबड्डी खेळलो आहे आणि बलाढ्य संघाकडून हरण्याने जे शिकायला मिळते ते दुसऱ्या कशाने मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. सामना सुरू झाला तेव्हा प्रत्येक कॉन्फरन्सला दहा लाख डॉलर मिळतील असे जाहीर झाले होते, आणि लहान अंदाजपत्रकाच्या संस्थांसाठी ही रक्कम मोठी आहे. पण सामन्याची मालकी ईएसपीएन या वाहिनीच्या कंपनीकडे आहे, विद्यापीठांकडे नाही. आणि या उत्पन्नाने मीअ‍ॅकची गळती थांबली नाही. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले, तर फ्लोरिडा ए अँड एम आणि बेथ्यून-कुकमन स्वॅकमध्ये गेले. आता मीअ‍ॅकमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या सहाच संस्था उरल्या आहेत, स्वॅकमध्ये बारा आहेत. ए अँड टीने तर पहिल्या पाचपैकी चार सामने जिंकले होते. ज्या संघाने या सामन्याला सर्वाधिक वैभव दिले तोच निघून गेला, याचा विचार सामन्याचे कौतुक करताना झाला पाहिजे.

उत्तर ३ : मिलिंद महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

परभणीच्या दादांची काळजी रास्त आहे. तरीही ‘स्वतःहून वेगळे राहणे’ या आक्षेपाबद्दल मला बोलायचे आहे, कारण मराठवाड्यातल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला अटलांटापर्यंत जावे लागू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. निजामाची राजवट संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ निघायला १९५८ उजाडायचे होते. नागसेनवनातल्या वसतिगृहांत आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी मुले घरातली पहिली पदवीधर झाली. हे महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी उघडे होते आणि आजही आहे. फक्त इतरत्र ज्यांना मागच्या बाकावर बसावे लागे, ती मुले तेथे घरच्यासारखी वावरत. अमेरिकेतील या विद्यापीठांचेही असेच आहे. त्यांची दारे कोणालाही बंद नाहीत आणि आज त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीयेतर आहे. दोन्हींचा इतिहास एक नाही हे मी जाणते. पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या आपल्या घरी सण साजरा करणाऱ्याला ‘तुम्ही वेगळे राहता’ असे म्हणणे दोन्हीकडे सारखेच अन्यायाचे आहे.

या दोन जगांची ओळख जुनी आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि दु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. हे दु बॉइस अशाच एका संस्थेचे, नॅशव्हिलच्या फिस्कचे पदवीधर होते आणि त्यांनी अनेक वर्षे अटलांटा विद्यापीठात अध्यापन केले होते. ज्या शहरात हा सामना होतो त्या शहरात मोअरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा या संस्था एकमेकींना लागून आहेत आणि स्टेडियमपासून फार दूर नाहीत. सामन्यासाठी अटलांटा निवडले गेले यात मला म्हणूनच औचित्य वाटते.

आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी आम्हाला त्यातून काही आर्थिक लाभ झाला नाही, कोणत्या क्रमवारीत आम्ही वर गेलो नाही. तरी त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे, म्हणून राष्ट्रीय करंडकापेक्षा वर्षातून एकदा आपल्या माणसांनी भरलेले स्टेडियम एखाद्या समाजाला मोठे का वाटावे, हे मला समजते.

प्रश्नकर्ता : क्रीडाशिक्षक, नांदेड

तिघांचेही मनापासून आभार. परभणीच्या मित्रांचा खेळाडूंबद्दलचा मुद्दा आणि ताईंचा संस्थांबद्दलचा मुद्दा, दोन्ही मी वर्गात मांडीन. आता एकच विनंती आहे. विद्यार्थ्यांना एखादा जुना सामना पूर्ण दाखवायचा असेल तर कोणता दाखवावा?

उत्तर ४ : इतिहासाचा अध्यापक, लातूर

सर, बहुतेक जण २०२२ चा सांगतील. प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांच्या जॅक्सन स्टेटने तोवरचे बाराही सामने जिंकले होते, आणि सँडर्स या सामन्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात जाणार हे आधीच जाहीर झाले होते. सुमारे ४९ हजार प्रेक्षक आले होते. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटच्या चेंडूवर जॅक्सन स्टेटने बरोबरी साधली, पण जादा वेळेत नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलने ४१–३४ असा विजय मिळवला. आदल्या वर्षीही तेच बलाढ्य जॅक्सन स्टेट, ११ विजय आणि एक पराभव अशी कामगिरी घेऊन आलेले, साउथ कॅरोलिना स्टेटकडून ३१–१० असे हरले होते. साउथ कॅरोलिना स्टेटचे त्या हंगामात तोवर सहाच विजय झाले होते.

परंतु शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी मी २०१६ चा सामना सुचवीन. ग्रॅम्बलिंग १०–३ ने पुढे असताना नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलने अखेरच्या मिनिटांत टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि सहा गुण मिळून गुणसंख्या १०–९ झाली. बरोबरीसाठी एका गुणाची किक बाकी होती, आणि ती एरवी सहज साधते. टचडाउन करणाऱ्या खेळाडूने आनंदाच्या भरात मैदानातच हेल्मेट काढले. नियमानुसार हे अखिलाडूपणाचे वर्तन ठरते, त्यामुळे पंधरा यार्डांचा दंड झाला, किक तेवढ्या मागून मारावी लागली आणि ग्रॅम्बलिंगने ती अडवली. सामना १०–९ असाच संपला. नियमांचे ज्ञान आणि भावनांवरचा ताबा यांवर तासभर चर्चा होईल इतके या एका प्रसंगात आहे.

आणि कोणताही सामना दाखवला तरी मध्यंतर कापू नका. या विद्यापीठांच्या सामन्यांत मध्यंतरालाच प्रेक्षक जागा सोडत नाहीत, कारण तेव्हा दोन्ही संस्थांची बँडपथके मैदानात उतरतात. फ्लोरिडा ए अँड एमचे ‘मार्चिंग १००’ हे पथक विल्यम फॉस्टर यांनी १९४६ मध्ये हाती घेऊन घडवले, आणि १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या पॅरिसमधील संचलनात ते सहभागी झाले होते. वाजवत वाजवत गुडघे छातीपर्यंत उचलणे, रांगा न मोडता नाचणे आणि तरीही सुरात राहणे यासाठी लागणारी ताकद व दमसास आपल्या लेझीम पथकातील मुले लगेच ओळखतील. २०२३ च्या सामन्यात फ्लोरिडा ए अँड एमने हॉवर्डला ३०–२६ असे हरवले. वेळ कमी असेल तर त्या वर्षीचे मध्यंतर आणि २०१६ च्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे, एवढे दाखवले तरी चालेल.