मालक मैदानात उतरत नाही, पण...

फुटबॉल क्लबांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ‘मालक काय मैदानात उतरतो का? हरले तर दोष प्रशिक्षकाचाच.’ अहो, पण त्या प्रशिक्षकाला आणतं कोण?

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचंच बघा. जुलै 2024 मध्ये प्रशिक्षक टेन हाखचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यालाच नारळ दिला. मधला उन्हाळा त्याच्या पसंतीचे खेळाडू घेण्यात गेला. मग आला नवा प्रशिक्षक अमोरिम, तीन बचावपटूंची पद्धत घेऊन. संघ बांधलेला चार बचावपटूंसाठी! शिंप्याला माप एकाचं द्यायचं आणि सदरा दुसऱ्याला घालायचा, असला प्रकार. तो हंगाम वीस संघांच्या लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर संपला. खेळाडू निवडायला आणलेला ॲशवर्थ तर पाच महिन्यांतच गेला. टेन हाख, त्याचे सहकारी आणि ॲशवर्थ यांना निरोप देण्यात 1 कोटी पौंडांहून जास्त गेले, आणि काटकसर कुठे? तर कर्मचाऱ्यांच्या फुकट जेवणावर! (मालक ग्लेझर कुटुंबाने 2005 पासून क्लबच्या डोक्यावर ठेवलेल्या कर्जाबद्दल तर बोलायलाच नको.)

आम्ही लालबागला रात्री दीडपर्यंत टीव्हीचा आवाज बंद करून सामने बघतो, आई उठू नये म्हणून. त्या हंगामात आवाज बंद ठेवणं अजिबात जड गेलं नाही. ओरडण्यासारखं होतंच काय?