मदत हवी आहे : मुलांच्या बचतीपासून स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेपर्यंत, कुटुंबांसाठीच्या वर्गांची आखणी कशी करावी?

नमस्कार.

आमच्या वाचनालयातर्फे कुटुंबांसाठी शिक्षणवर्ग सुरू करायचे ठरले असून त्यांच्या आखणीचे काम माझ्याकडे आले आहे. समितीने दिलेली यादी मुलांच्या बचतीपासून सुरू होते आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेपाशी संपते. मध्ये कर्ज, विमा, इच्छापत्र असे बरेच काही आहे. प्रत्येक विषयाला एक वक्ता, एक तास आणि शेवटी प्रश्नोत्तरे, असा सरळसोट बेत आहे. तो मला पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही नीटसे सुचत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी पहिली शंका व्याख्यानांच्या उपयोगाबद्दल आहे. २०१४ साली आर्थिक शिक्षणावरील दोनशे अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात लोकांच्या आर्थिक वागणुकीतील तफावतीपैकी जेमतेम ०.१ टक्का तफावत अशा शिक्षणामुळे पडते आणि शिकलेले काळाबरोबर विरून जाते, असे दिसले. २०२२ मधील ७६ प्रयोगांचा आढावा बराच आशादायक आहे. तरीही निर्णय घ्यायच्या वेळी शिकवलेले अंगी लागते आणि आधीच कधीतरी ऐकवलेले वाऱ्यावर जाते, हा २०१४ च्या आढाव्यातला मुद्दा मला खरा वाटतो.

मुलांचा एक वर्ग नमुन्यादाखल घेऊन पाहिला. व्याजाच्या दराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात, हे मुलांनी झटकन उचलले. आठ टक्क्यांना नऊ वर्षे. हाच भागाकार २४ टक्क्यांच्या, न फेडलेल्या कर्जाला लावल्यावर तीन वर्षे आली, तेव्हा मुलांपेक्षा मागे बसलेले पालकच जास्त सावध झाले. मग एका मुलीने विचारले की, तिचे आजोबा एकच बिल दोनदा भरतात आणि दुसरे भरायचेच विसरतात, तर त्यांनाही हिशेबाची वही घालून द्यावी का?

या प्रश्नाने यादीचा क्रमच मला चुकीचा वाटू लागला. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले त्यांची देणी निदानाच्या सहा वर्षे आधीपासून थकू लागल्याचे आढळले होते. म्हणजे पैशाचे व्यवहार हा मुलांचा विषय आणि विस्मरण हा वृद्धांचा, अशी वाटणी मुळातच टिकत नाही. मग दोन्ही पिढ्यांना एकत्र बसवून घरातल्या पैशाच्या व्यवहारांवरच वर्ग घ्यावा का? तसे केल्यास, विसरभोळ्या प्रत्येक आजी-आजोबांवर नातवंडांसमोर शिक्का बसणार नाही, याची काळजी कशी घ्यावी?

दुसरी अडचण अशी की, ज्यांना शुश्रूषेच्या वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच घरातून निघता येत नाही. तिसरी वक्त्यांची. विमा आणि गुंतवणूक विकणारी मंडळी विनामूल्य बोलायला एका पायावर तयार असतात, आणि ती का तयार असतात हे सांगायला नको. त्यांना सरसकट नकार द्यावा, असे माझे मत आहे, पण समितीला ते टोकाचे वाटते. ज्यांनी असे वर्ग चालवले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी शुश्रूषा करणाऱ्यांचा गट बरीच वर्षे चालवत आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. शुश्रूषेचा वर्ग घ्यायचा असेल तर रुग्णालाही सोबत आणण्याची मुभा ठेवा. नेदरलँड्समध्ये १९९७ साली मानसशास्त्रज्ञ बेर मीसेन यांनी सुरू केलेल्या अल्झायमर कॅफेमध्ये रुग्ण, नातेवाईक आणि जाणकार एकाच ठिकाणी अनौपचारिकपणे भेटतात. ते जमत नसेल तर शेजारच्या खोलीत दोन प्रशिक्षित स्वयंसेवक बसवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कुटुंबीय आणि स्नेही स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या देखभालीत दिवसाला सरासरी पाच तास घालवतात आणि देखभालीचे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. त्यामुळे वर्गाची वेळ ठरवताना आधी त्यांना विचारा, सभागृह कधी मोकळे आहे ते नंतर पाहा.

शिकवायला काय घ्यावे, यासाठी याच संघटनेचा 'आयसपोर्ट' हा अभ्यासक्रम पाहावा. त्यात पाच भाग आणि २३ पाठ आहेत, आणि त्यांतला एक संपूर्ण भाग शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःला कसे जपावे यावर आहे. वर्गात मात्र व्याख्येपेक्षा प्रसंग घ्या. स्वतःच्याच घरात बसलेली आई "मला घरी जायचंय" म्हणत दाराची कडी काढू लागते, तेव्हा "हेच तुझं घर आहे" असे दहादा पटवून काही साधत नाही. तिला घरची कोणाची आठवण येते आहे ते विचारावे, तिच्यासोबत चार पावले चालावे. बहुतेक वेळा अस्वस्थता ओसरते. हे दोघांनी करून दाखवले की लोकांच्या लक्षात राहते.

शिक्का बसण्याबद्दल एवढेच सांगतो की, वर्गात निदान करू नका. थायरॉइडचे विकार, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधे यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांतले बरेचसे उपचाराने सुधारते. गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक वाढला तर तो संसर्गामुळेही असू शकतो, तेव्हा डॉक्टरांकडे न्यायला विलंब नको. एवढे सांगितले की लोक घाबरण्याऐवजी तपासणीकडे वळतात.

प्रतिसाद २

वक्त्यांबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. विक्रेत्याला बोलवायचेच असेल तर कोणत्याही योजनेचे नाव न घेण्याची आणि उपस्थितांचे दूरध्वनी क्रमांक न मागण्याची लेखी अट घाला. बहुतेक जण आपोआप गळतील.

इच्छापत्राचा वर्ग यादीत शेवटी ठेवू नये, तो आधी घ्यावा. निर्णयक्षमता शाबूत असतानाच हे कागद होऊ शकतात. शिवाय साधे मुखत्यारपत्र अनेक देशांत, ते देणाऱ्याची क्षमता गेली की निष्प्रभ होते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले त्याच दिवशी ते कामाला येत नाही. काही देशांत क्षमता गेल्यावरही टिकणारे वेगळे मुखत्यारपत्र करता येते. तुमच्याकडे काय लागू आहे, ते सांगायला एखादा वकील बोलवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घरातल्या पैशाच्या व्यवहारांचा वर्ग दोन्ही पिढ्यांसाठी एकत्र, त्याला लागूनच इच्छापत्राचा आणि त्यानंतर शुश्रूषेचा, असा नवा क्रम समितीपुढे ठेवतो आहे. शेजारच्या खोलीची सोय होण्यासारखी आहे. तेथे बसणाऱ्या स्वयंसेवकांना किमान कोणते प्रशिक्षण द्यावे, आणि एखादे रुग्ण मध्येच उठून निघाले तर नातेवाईकांना वर्गातून बोलवावे की आधी आपणच सांभाळून पाहावे, हे पहिल्या प्रतिसादकांनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.